कौशल्याचा स्टीलचा पेला

आमच्या घरात कौशल्याचा पेला वेगळा होता. स्टीलचा, काठाला पोचा पडलेला. तो मांडणीवर नसायचा. मागच्या खिडकीत, साबणाच्या डब्याशेजारी पालथा असायचा. ती आली की उताणा व्हायचा, गेली की पुन्हा पालथा. याला मी शिवाशिव म्हणत नव्हते हं. मी चांगली मॅट्रिक झालेली, महाराजांची भक्त, रोज आंघोळीनंतर पोथीचा एक अध्याय वाचणारी बाई. याला मी ‘ज्याची त्याची भांडी’ म्हणत होते.

बाकी आमचं घर पितळेचं. सासूबाई भंडाऱ्याच्या, पितळेच्या गावच्या. त्यांनी मला दिलेला मोठा पितळी गंज (आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात) म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातला दुसरा देव. तो मी चिंचेने घासायचे तेव्हा आमचे हे, मारोतराव, दारात उभे राहून म्हणायचे, “अवो, एकोणचाळीस वर्षं मी स्टील प्लांटमध्ये पोलाद वाहिलं. त्याच पोलादानं हे घर बांधलं. अन् तुमाले स्टीलचं भांडं दिसलं की नाक मुरडून राहिल्या.”

“नैवेद्याले स्टील चालत नाही,” मी ठामपणे सांगायचे. असं कुठे लिहिलंय, ते त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी पंचाईत होती.

आधी आम्ही प्लांटच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर 2 च्या क्वार्टरला होतो. हे रिटायर झाले तसं टाउनशिपबाहेर, कॅम्प-1 च्या वस्तीत स्वतःचं घर बांधलं. स्वतःचं घर झालं याचा आनंद मला सहा महिने झाला नाही. सेक्टरमधून कॅम्पमध्ये आले म्हणजे मी आभाळातून पडले, असं तोंड करून वावरत होते. त्या तोंडाने मी पहिल्यांदा दार उघडलं ते कौशल्याला.

कौशल्या आमच्या गल्लीची मितानीन. छत्तीसगडात वस्तीतल्या बायकालेकरांच्या आरोग्याची खबर ठेवणाऱ्या बाईला मितानीन म्हणतात. मितानीन म्हणजे मैत्रीण. तर मैत्रिणीला मी खिडकीतला पेला दिला.

बुटकी, काटक, चाळिशी ओलांडलेली. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत रजिस्टर. पायरीवर बस म्हटलं तरी टेकायची नाही, आणि नजर सारखी घरभर फिरायची. तिचे प्रश्नही जगावेगळे. दुसऱ्या मितानिनी लसीचं विचारतात, वजनाचं विचारतात. ही विचारायची, “काकू, काजळ घरी पाडता का इकतचं आणता? कुंकू कोणतं? भिंतीचा रंग पोपडे धरून राहिला, किती जुना आहे?”

ती गेल्यावर मी यांना म्हणाले, “ही बाई लेकरं मोजायले येते का भिंती?”

“तिले विचारायचं होतं,” हे म्हणाले. “तुमी पेला पालथा करण्यात होत्या.”

मग आमची सून भूमिका गरोदर राहिली. मुलगा नोकरीला बाहेरगावी, तेव्हा मीच कामाला लागले.

मी रोजची वही लिहिते. बत्तीस वर्षं झाली. आज नैवेद्य काय, कोण आलं, कोण बोललं नाही, सगळं. भूमिकेला दिवस गेले त्या दिवसापासून मी नवी वही काढली. वहीच्या पुठ्ठ्यावर स्वस्तिक काढलं आणि लिहिलं, ‘येणाऱ्या बाळासाठी. आजीने काय काय केलं ते मोठेपणी वाचावे.’ देवा, किती हौस असावी माणसाला!

काय काय केलं? पहिली गोष्ट, गंजाला नवी कल्हई. सुपेल्याच्या बाजारात चंपत म्हणून कल्हईवाला बसतो. भाता, कोळसे, नवसागर, अजून जुन्या पद्धतीने करतो. मी गंज त्याच्यापुढे ठेवून म्हटलं, “चंपत, नातवंडाचं काम आहे. आतून असा चमकला पायजे की मले माझं तोंड दिसलं पायजे.”

“दिसंन माय,” तो म्हणाला. “भांग काढून घ्या त्यात.”

खरंच दिसलं. मी घरी आणून तीनदा पाहून घेतलं.

दुसरी गोष्ट, महाराजांचा प्रसाद. गुरुवारी पिठलं, भाकर आणि आंबाडीची भाजी. आंबाडी म्हणजे इथली अमारी, आंबट ढाण. भूमिकेला तेव्हा आंबटच पाहिजे होतं. मला वाटलं महाराजांनी स्वतः डोहाळे पाठवले. मग गुरुवार कशाला, रोजच सुरू झालं. आंबाडी नसली की चिंचेचं सार, नाहीतर कढी. सगळं त्याच गंजात. आणि उरलेलं रात्रभर त्यातच झाकून ठेवायचं, कारण मुरलेली भाजी तिला जास्त आवडायची.

वहीत लिहायचे, ‘गुरुवार. आंबाडी. सूनबाईने दोनदा मागून घेतली. शुक्रवार. कालचीच, मुरलेली. ताट चाटून पुसून. महाराजांची कृपा.’

तिसरी गोष्ट गोळ्यांची. कौशल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणून द्यायची. मी नियम केला, गोळ्या आधी महाराजांपुढे ठेवायच्या, मग सुनेने घ्यायच्या. ठेवायचं माझ्या लक्षात राहिलं. उचलायचं नाही. देवघरात तसबिरीमागे पट्ट्यांवर पट्ट्या साचल्या. त्या काळात आमच्या घरात रक्त सगळ्यात चांगलं कोणाचं असेल तर ते महाराजांचं.

एक दिवस कौशल्या ऐन स्वयंपाकाच्या वेळी आली. गंजात आंबाडी रटरटत होती. ती दारातूनच वाकून पाहू लागली.

“काकू, कल्हई नवी केली का?”

मी खूश. “हो. दिसून राहिली ना चमक?”

“आंबट यात नका करू. स्टीलमधी करा. कल्हईत शिसं मिसळतात कधी कधी. आंबटानं ते उतरते भाजीत.”

बत्तीस वर्षं नैवेद्य करणाऱ्या बाईला खिडकीतल्या पेल्याने पाणी पिणारी बाई स्वयंपाक शिकवत होती. मी झारा खाली ठेवला.

“कौशल्याबाई, माझ्या सासूनं यातच रांधलं. तिच्या सासूनं यातच रांधलं. आमाले काय झालं?”

तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, “काय झालं ते तुमाले कसं समजंन, काकू? ज्याले होते त्याले पण समजत नाही.”

माझ्या मनाने तेव्हाच घेतलं की ही बाई आपल्याला अडाणी म्हणाली. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, ‘मितानीन उद्धट आहे.’

पाचवा महिना लागला तशी भूमिका थकू लागली. कम्प्युटर क्लासला शिकवायला जायची, तिथून आली की चपला न काढता आडवी. पोट दुखायचं, तोंड पांढरंफटक. मी म्हणाले, मुलगा असेल, मुलगा असला की असंच होतं. कौशल्याने तिचा पापणीखालचा भाग खाली ओढून पाहिला आणि म्हणाली, “गोळ्या घेऊन राहिली ना?”

भूमिकेने माझ्याकडे पाहिलं. मी देवघराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कौशल्या तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि तिथे हट्टाला पेटून रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून घेतली. रक्त रायपूरला पाठवावं लागलं. आठ दिवसांनी कागद आला. पाचाच्या वर गेलं की शिसं कुठून येतंय ते शोधायला लागतात म्हणे. भूमिकेचं चौदा होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे बोलल्या. शिसं आईच्या रक्तातून सरळ बाळात जातं. मधे कोणी अडवणारं नाही. बाळाचा मेंदू याच महिन्यांत बांधला जातो. तेव्हा शिसं गेलं तर बाहेरून काही दिसत नाही. लेकरू गोरंगोमटं जन्मतं. पुढे बोलायला उशीर, शिकायला जड, एका जागी चित्त नाही. “जे गेलं ते मोजता येत नाही. पुढचं थांबवता येतं. पण ते कुठून येतंय ते आधी सापडलं पाहिजे.”

घरी येईपर्यंत मी गुन्हेगार शोधून ठेवले होते. एकूण सहा. प्लांटचा धूर. भूमिकेची लिपस्टिक. क्लासमधले कम्प्युटर. सुपेल्यातली चाट. शेजारच्यांनी गेटाला मारलेला रंग. आणि तिच्या माहेरचं पाणी. मी सगळे मोठ्याने वाचून दाखवले.

“आई, माझं मायका बालोदमध्ये आहे,” भूमिका म्हणाली. “मैं पाँच महीने से गई ही नहीं. तुमीच जाऊ नाही दिलं.”

कौशल्या त्या दिवशी पायरीवर टेकली होती. ती म्हणाली, “काकू, तुमची वही द्या.”

“कोणती वही?”

“बाळाची. तुमी रोज लिहिता ना, काय खाल्लं, कशात केलं. डॉक्टरीणबाईले तेच पायजे.”

इथे मी जे केलं ते लिहायला हात अडतो, पण लिहिते. मी म्हणाले, “ती हरवली.”

कौशल्याने फ्रिजवर पाहिलं. वही फ्रिजवर उभी ठेवलेली होती. वर स्वस्तिक, खाली मोठ्या अक्षरात ‘येणाऱ्या बाळासाठी’.

“तीच ना?” तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

वही मीच काढली. हातात घेतली आणि एक क्षण खरंच मनात आलं, मधली पानं फाडावीत. आंबाडीची तेवढी. मग वाटलं, फाडली तर ही मुलगी पुढचे चार महिने त्याच गंजातलं खाईल. मी वही भूमिकेच्या मांडीवर ठेवली.

तिने मोठ्याने वाचायला घेतलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, ती हिंदी शाळेतली. त्यामुळे एकेक शब्द सुटा सुटा, मास्तरांनी शिक्षा वाचून दाखवावी तसा येत होता. ‘गंजात केली. रात्रभर गंजातच ठेवली. सूनबाईने मागून घेतली. महाराजांची कृपा.’ पान उलटलं. ‘सार. गंजात. दोन वाट्या.’ पान उलटलं. ‘कढी.’ सतरा पानं झाल्यावर ती थांबली. वही मिटली आणि आत गेली. दार लावलं नाही, लोटलं फक्त.

मारोतरावांनी मिटलेली वही उचलून फ्रिजवर ठेवली. मग म्हणाले, “बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तुमची वही कामी आली.”

मी त्याच पावली रिक्षा करून सुपेल्याला गेले. चंपतला धरायचंच होतं. गंज त्याच्यापुढे आदळला.

“यात शिसं आहे का?”

तो गोंधळला. “असंन थोडं. माय, निव्वळ रांगा, कथील म्हणा, आता कोण वापरते? मिसळलेली कांडी येते बाजारात, झटक्यात पसरते. तुमाले तोंड पाहाचं होतं ना त्यात?”

“तू घरी कशात जेवतो?”

“स्टीलमधी,” चंपत म्हणाला. “कल्हईची झंझट कोण करंन?”

माझा सगळा राग तिथे भात्यातल्या हवेसारखा निघून गेला. चमक मी मागितली होती. त्याने दिली.

परत येताना रिक्षा कौशल्याच्या गल्लीशी थांबवली. तीन वर्षं ती माझ्या दारात येत होती, मी तिचं दार पाहिलं नव्हतं. एक खोली, पुढे ओटा. ओट्यावर बारातेरा वर्षांची मुलगी बसून शेंगा सोलत होती. मला पाहून ती हसली, मग पुन्हा हसली, मग शेंगा एका टोपलीतून दुसरीत टाकू लागली. सोललेल्या आणि न सोललेल्या एकत्र.

“उर्वी, काकूले पाणी दे,” कौशल्या म्हणाली. उर्वी उठली, दारापर्यंत गेली आणि कशाला उठलो ते विसरून परत येऊन बसली. कौशल्याने स्वतः पाणी आणलं. तिच्या घरात पेले एकसारखे होते. माझा कोणता ते ठरलेलं नव्हतं.

तिने सांगितलं ते चार वाक्यांत. तिचा नवरा सुगत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याच्या कामाला जायचा. संध्याकाळी त्याच कपड्यांत येऊन बायकोपाशी बसायचा, कपडे तीच धुवायची, तेव्हा उर्वी तिच्या पोटात. कोणी सांगितलंच नाही. उर्वी पाच वर्षांची झाली तरी दोन शब्द जोडेना, तेव्हा एका डॉक्टरने रक्त तपासलं आणि एका कागदावर शिसं कुठून कुठून येतं ते लिहून दिलं. बॅटरी, रंग, कुंकू, काजळ, कल्हई.

“तो कागद पाठ झाला, काकू. मग वाटलं, आपल्याले पाठ आहे तर चार जणींले विचारू. म्हणून मितानीन झाली. सुगतनं ते काम सोडलं, आता भाजीचा ठेला लावते.” मग जरा हसून म्हणाली, “लोक म्हणतात, मितानीन भिंती मोजते.”

मी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. तो पालथा करावा की उताणा ठेवावा, मला कळेना.

घरी येऊन मी पहिल्यांदा तसबिरीमागच्या गोळ्या काढल्या. भूमिका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी गोळी आणि पाणी पुढे केलं.

“मी चुकली, बाळा,” मी म्हणाले. घरातल्या घरात हे वाक्य मी यापूर्वी फक्त देवापुढे म्हटलं होतं, तेही सगळ्यांच्या वतीने.

ती उठून बसली. गोळी घेतली. बोलली नाही. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “आई, कढी बनाओ ना. स्टील के बर्तन में.” मी मोरीत जाऊन रडून आले आणि कढी केली.

गंजाचं काय करायचं, यावर मला एक थोर कल्पना सुचली. देवळाला देऊन टाकू, तिथे भंडाऱ्याच्या जेवणावळीला कामी येईल.

“म्हणजे आपल्या घरचं एक लेकरू वाचवून गल्लीतली सारी खाऊ घालता का?” कौशल्याने विचारलं.

मारोतरावांनी ड्रिल आणलं आणि गंजाच्या बुडात भोक पाडलं, कोणी चुकूनसुद्धा त्यात रांधू नये म्हणून. आता तो मागच्या भिंतीवर खिळ्याला आहे. पुढच्या गुरुवारी मी आंबाडी स्टीलच्या पातेल्यात केली, महाराजांपुढे ठेवली आणि डोळे मिटून उभी राहिले. काही झालं नाही. दिवासुद्धा फडफडला नाही.

भूमिकेचे उरलेले महिने गोळ्या, दूध, पालेभाज्या यांत गेले. मी रोज विचारायचे, पोटात हललं का? ती सांगायची, हललं. मला तेवढ्याने चैन नव्हतं. हलणं म्हणजे हातपाय, आणि माझी भीती तर डोक्याची होती, जिथे पाहायला खिडकी नाही. बाळंतपणाआधी पुन्हा रक्त तपासलं. सहा. “उतरलं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाळावर लक्ष ठेवा. शाळेत जाईपर्यंत ठेवा.”

मुलगीच झाली. स्वानंदी.

तिच्या जन्मापासून कौशल्या ठरल्या दिवशी यायची आणि मी परीक्षेला बसल्यासारखी समोर बसायचे. टाळी वाजवली, मान वळली का? बोट फिरवलं, नजर फिरली का? एकदा मान वळली नाही तर मी तीच टाळी पाचदा वाजवली. कौशल्या म्हणाली, “काकू, झोप येऊन राहिली तिले. तुमी श्वास घ्या.”

परवा दहा महिने झाले. कौशल्या आली, सोबत उर्वीही होती. आता खिडकीत पेला नसतो. तो मांडणीवर बाकीच्या स्टीलमध्ये मिसळला आहे. आमच्या घरातलं सगळ्यात निर्धोक भांडं इतकी वर्षं मी साबणाशेजारी ठेवलं होतं आणि त्याची मालकीण बाहेर पायरीवर, हे आता भांडी लावताना रोज आठवतं.

कौशल्याने स्वानंदीला सतरंजीवर बसवलं. हाताला लागला तो पेला उचलला. काठाला पोचा होता. तो तिच्यापुढे वाजवला, खाली ठेवला आणि वरून माझा पंचा टाकून झाकला.

“हे कशाले?” मी विचारलं.

“पाहू, गेलं म्हणते का झाकलं म्हणते.”

स्वानंदी पंच्याकडे पाहत राहिली. मग उर्वीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायाचा अंगठा धरला. भूमिकेने माझा हात धरला होता की मी तिचा, सांगता येणार नाही. 

अंगठा सोडून ती पुढे झुकली आणि पंचा दोन्ही हातांनी ओढला. पेला सापडला. लगेच तोंडात घातला.

सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या उर्वीने. थांबवेपर्यंत वाजवत राहिली. कौशल्या लेकीकडे पाहत होती आणि रजिस्टरमध्ये खूण करायला तिला थोडा वेळ लागला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, उर्वीच्या देखत माझ्या हातांना धीर झाला नाही.

“आज एवढं आलं,” कौशल्या म्हणाली. “बाकीचं पाहत राहू.”

संध्याकाळी मी वहीत लिहिलं, ‘गुरुवार. स्टीलच्या पातेल्यात आंबाडी. स्वानंदीने पेला शोधला. उर्वी जेवून गेली.’ महाराजांची कृपा असं लिहिणार होते. लिहिलंही. मग जागा होती म्हणून पुढे कौशल्याचं नावही लिहिलं.